पाठीमागचं सर्वनाम

"नेर्लेकर, एक शंका विचारण्यात येत आहे," शशी चौगुले माझ्या टेबलाशी उभ्या राहून म्हणाल्या. "नावाखाली 'त्या' लिहिलं तर चालेल का?"

मी मान वर न करता विचारलं, कुणाच्या नावाखाली.

"माझ्या."

मग मी मान वर केली.

हे समजायला आधी थोडं मागं जावं लागेल. आमच्या विमा कंपनीत एका परदेशी कंपनीनं भागीदारी घेतली होती आणि त्या आनंदात मुंबईच्या मुख्य कचेरीतून परिपत्रकं येऊ लागली होती. पाठ ताठ ठेवून कसं बसावं याचं एक आलं. पाणी किती प्यावं याचं एक आलं. त्यानंतर आलं ते सर्वनामाचं. प्रत्येकानं आपल्या ई-मेलखाली नाव, हुद्दा आणि त्याखाली आपलं सर्वनाम लिहायचं. आपल्याबद्दल बोलताना लोकांनी काय म्हणावं हे ज्याचं त्यानं सांगायचं, दुसऱ्यानं ठरवायचं नाही. कल्पना मला चांगली वाटली. अडचण एवढीच झाली की मुंबईतल्या कुणा उत्साही माणसानं ते इंग्रजी शब्द तसेच्या तसे देवनागरीत उतरवून पाठवले. पुरुषांनी लिहायचं 'ही/हिम', स्त्रियांनी 'शी/हर', आणि ज्यांना यातलं काहीच नको त्यांनी 'दे/देम'.

कोल्हापूरच्या शाखेत त्यावर दोन दिवस दुसरं काम झालं नाही. रोखपाल माने म्हणाले, त्यांच्या घरी 'ही' म्हणजे बायको. नावाखाली 'ही' लिहिलं तर उत्तर नक्की कुणाला येणार. हिशेब विभागाच्या प्रमुख सुलोचना खराडे, ज्यांना सगळी कचेरी आक्का म्हणायची, त्या परिपत्रक घेऊन माझ्याकडे आल्या. आयुष्यभर इमानानं नोकरी केली, आता निवृत्तीच्या तोंडावर स्वतःच्या हातानं नावाखाली 'शी' लिहू का, असा त्यांचा सवाल होता.

आमचे शाखाधिकारी दिघे साहेब पुण्याहून बदलून आले होते. सज्जन माणूस. कुणावर आवाज चढवला नाही, कुणाची रजा अडवली नाही. फक्त एक होतं, त्यांना अशुद्ध मराठी सहन होत नसे. कोल्हापुरात बदली होऊन आलेल्या माणसाला हा आजार असणं म्हणजे मोठंच संकट. त्यांनी सर्वनामांचं मराठी करायचं काम माझ्यावर टाकलं, कारण पत्रव्यवहार माझ्याकडे होता आणि रविवारच्या पुरवणीत मी विनोदी लिहितो असा माझ्यावर आरोप होता.

मी सरळ भाषांतर केलं. 'तो/त्याला', 'ती/तिला'. तासाभरात माने आले. उमेदीत तालमीत घुमलेला माणूस, खुर्चीवर बसला की खुर्ची बोलायची. म्हणाले, त्यांचा जावई वीज मंडळात साहेब आहे, त्यालाही कधीमधी इथून मेल जातो, आणि सासऱ्याच्या नावाखाली 'तो' बघितल्यावर जावई पुढच्या दिवाळीला काय मान ठेवणार. मलाही ते पटलं. मग मी आदरार्थी केलं. पुरुषांनी 'ते/त्यांना', बायकांनी 'त्या/त्यांना'. सगळे खूश झाले. आवकजावक बघणारा नामदेव, ज्याला साहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळे 'अरे नाम्या' म्हणायचे, त्यानं सगळ्यांच्या आधी 'ते' लिहिलं. त्यानंतर त्यांना नाम्या म्हणताना आमची जीभ अडखळू लागली, आणि आता बघा, माझीही याच वाक्यात अडखळली.

म्हणजे कचेरीत दोनच गट झाले होते, 'ते' आणि 'त्या'. आणि शशी चौगुले, दावे विभाग, नोकरीच्या नोंदीत श्री. शशिकांत चौगुले, माझ्यासमोर उभ्या राहून विचारत होत्या की 'त्या' लिहिलं तर चालेल का.

चौगुले तेव्हा चाळिशीच्या आत होत्या. इस्त्रीचा शर्ट-पँट, मागे घट्ट बांधलेले केस, कानात बघितला तर दिसेल एवढा मोती. त्यांच्याकडे मृत्युदावे असायचे. घरातला माणूस गेल्यावर लोक कागद घेऊन यायचे, बहुतेक वेळा बायकाच, आणि त्या सगळ्या चौगुल्यांच्या टेबलाशी जायच्या. कागद अपुरे असले तरी चौगुले त्यांना परत पाठवत नसत, स्वतः फोन करून तलाठ्याकडून मागवून घेत. त्या कामात त्यांचा हात धरणारा दुसरा कोणी आमच्याकडे नव्हता.

आणि त्या बोलायच्या मोठ्या गमतीनं. चहा झाला का विचारलं तर "चहा घेण्यात आला आहे." कुठे निघालात विचारलं तर "निघणं भाग आहे." मी जेवलो किंवा जेवले असं नाही, "जेवण झालं." उद्या याल का तर "येईन." सरकारी भाषेतल्या 'करण्यात येते' आणि 'कळविण्यात येते' वर मी पुरवणीत दोन-तीन लेख लिहिले होते, त्यामुळे मला वाटायचं त्या माझ्या चाहत्या आहेत. लेखकाला असं वाटायला फार पुरावा लागत नाही.

त्या दुपारी मी त्यांना बसायला सांगितलं आणि विचारलं, नियमानं तर ज्यानं त्यानं ठरवायचंय, मग माझी परवानगी कशाला.

"परवानगी नाही. मराठी बरोबर आहे का ते विचारतेय कचेरी," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मग हसू आवरून हळू आवाजात म्हणाल्या, "नेर्लेकर, तोंडावर मला सगळे तुम्हीच म्हणतात. तुम्ही आलात, तुम्ही बसा. त्यात काही त्रास नाही. मी उठून गेल्यावर काय म्हणतात, प्रश्न तो आहे. चौगुले आत्ताच गेले. चौगुले येतील. जिन्यापर्यंत ऐकू येतं. हे परिपत्रक पाठीमागचं आहे. म्हणून विचारलं."

एवढं त्या सलग बोलल्या आणि त्यातल्या एकाही वाक्यातून त्या बाई की पुरुष ते कळत नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मराठीत 'मी आलो' म्हणा की 'मी आले' म्हणा, तोंड उघडताच माणूस पकडला जातो. म्हणून चौगुले पकडलं जाईल असं बोलतच नव्हत्या. 'मी केलं', 'मी बघितलं', 'मला वाटतं' हे चालतं, ते कुणाचंही असतं. आणि भविष्यकाळात तर आपल्या भाषेत बाई-पुरुष एकच. 'येईन' म्हणायला कुणालाच काही ठरवावं लागत नाही. चौगुले बरीच वर्षं भविष्यकाळात राहत होत्या. माझे लेख त्यांनी वाचलेही नसावेत.

मी सांगितलं, मराठी बिनचूक आहे, लिहा.

त्यांनी लिहिलं. पुढचे काही दिवस त्यांचे मेल येत-जात राहिले आणि खाली 'त्या/त्यांना' असं नीट दिसत राहिलं. कुणी बघितलं, कुणी बघून न बघितल्यासारखं केलं. आक्का मात्र एकदा जेवताना डब्यातली वांग्याची फोड चौगुल्यांच्या ताटलीत टाकून म्हणाल्या, "चांगलं दिसतंय गं." कशाबद्दल ते सांगितलं नाही. मी ऐकलं ते फक्त 'गं'.

सगळं असंच सुरळीत चाललं असतं, पण मुंबईहून फोन आला.

मनुष्यबळ विभागाच्या कोणी बाई होत्या. त्यांनी दिघे साहेबांचं मनापासून अभिनंदन केलं. देशभरात 'ही' नको, 'शी' नको, असा तिसरा मार्ग निवडलेले सर्वांत जास्त कर्मचारी कोल्हापूर शाखेत सापडले होते. जवळजवळ सगळे पुरुष. एवढ्या लहान शहरात एवढं धाडस कुठून आलं, असं त्यांनी विचारलं. साहेबांना काही कळलं नाही, पण अभिनंदन नाकारायचं कसं, म्हणून ते म्हणाले की आमच्याकडे पहिल्यापासूनच तसं वातावरण आहे. मग बाईंनी सांगितलं की त्या कॅमेरा घेऊन येणार आहेत. ही फिल्म परदेशी भागीदारांना दाखवायची आहे.

तेव्हा कुठे साहेबांनी चौकशी केली. मुंबईच्या संगणकानं 'त्या'चं बरोबर 'शी' केलं होतं, पण आमच्या 'ते'चं इंग्रजी भलतंच केलं होतं. अनेकवचन धरून. म्हणजे 'दे/देम'. आमच्या शाखेतले झाडून सगळे पुरुष, केवळ मानापोटी, तिसऱ्या रकान्यात जाऊन बसले होते.

ही बातमी ऐकल्यावर मान्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "नेर्लेकर, म्हंजे माझं नेमकं काय झालंय?"

मी म्हटलं, काही झालं नाही, तुमचा आदर झालाय.

"मग फिल्ममधी हुभं ऱ्हायचं का न्हाई?"

साहेबांनी त्याच दिवशी सगळ्यांना आत बोलावलं. टेबलावर यादी होती. स्वर नेहमीसारखाच सौम्य. म्हणाले, मानाचा घोळ पुरे झाला, आता नोकरीच्या नोंदीप्रमाणे, श्री. असेल त्यानं 'तो' आणि श्रीमती असेल तिनं 'ती'. मुंबईला दुरुस्ती कळवायची आहे. मग त्यांची लाल पेन्सिल खाली खाली गेली आणि एका नावावर थांबली.

"चौगुले, तुमच्याकडून चुकून 'त्या' झालंय."

"चुकून नाही साहेब," चौगुले म्हणाल्या.

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांना दुखवायचं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्यांना फक्त बरोबर लिहायचं होतं, आणि तेच जास्त कठीण असतं. ते म्हणाले की परिपत्रकाचा हेतू त्यांना मान्य आहे, पण त्यांना काहीतरी आधार हवा. नोंदीत श्री. आहे. उद्या मुंबईनं विचारलं तर ते काय सांगणार. मग त्यांना एक तोड सुचली आणि त्यांचा चेहरा उजळला. व्याकरणाच्या माणसाला व्याकरणातलीच तोड सुचते.

"असं करू. माणूस स्वतःबद्दल कोणतं क्रियापद वापरतो, तो सगळ्यांत मोठा पुरावा. इतकी वर्षं आपण एकत्र काम करतोय. चौगुले, तुम्ही 'मी आले' म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही."

"'मी आलो' म्हटलेलं ऐकलंय?" चौगुल्यांनी विचारलं.

साहेब आठवू लागले. मीही आठवू लागलो. सगळेच आठवू लागले. माने भिंतीकडे बघत होते, ओठ हलत होते, जणू पावत्या उलटताहेत. मग ते अगदी हळू म्हणाले, "आयला, खरंच की."

इतक्या वर्षांत कुणीच ऐकलं नव्हतं. रोज शेजारी बसून, डबा वाटून खाऊन, कुणालाही पत्ता लागला नव्हता की हे माणूस आपल्या प्रत्येक वाक्यातून स्वतःला हलकेच उचलून बाजूला ठेवतंय.

साहेबही वरमले. पण पुरावा राहिलाच होता. ते म्हणाले, बरं, मागचं सोडा, आत्ता म्हणा. सगळ्यांसमोर एक वाक्य म्हणा, कोणतंही. 'मी लिहिते' म्हणा. मी लगेच 'ती' करतो, मुंबईशी मी भांडतो.

वरवर बघता यापेक्षा सोपं काही नव्हतं. एका कान्याचा तर प्रश्न. पण चौगुल्यांचा चेहरा मला दिसत होता. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. ज्या शब्दाला आयुष्यभर वळसा घातला, तो परीक्षा म्हणून, साहेबांच्या टेबलासमोर, मान्यांच्या देखत म्हणायचा. म्हटला तर उत्तीर्ण, नाही तर श्री. मला काहीतरी विनोदी बोलून वेळ मारून न्यावीशी वाटली आणि नेमकं काही सुचेना.

तेव्हा मागून आक्का बोलल्या.

"साहेब, मी एक विचारतो."

"विचारते," साहेब सवयीनं म्हणाले. आक्कांना ते आल्या दिवसापासून सुधारत होते.

"न्हाई. विचारतो." आक्का पुढं आल्या. "तुमी रोज सांगता, मी ऐकून घेतो. आज न्हाई घेत. मी कागलची. माझी आई म्हनायची, मी शेताला जातो. सासू म्हनायची, मी भाकऱ्या थापतो. मला लेकी झाल्या तवा दवाखान्यात मी वरडत होतो, मी मरतो आता, मी मरतो. डाक्टरनं काय बाप्या म्हनून परत धाडलं न्हाई मला."

माने खोकले. खोकला नव्हता तो, दाबलेलं हसू होतं.

"तर सांगा," आक्का म्हणाल्या, "क्रियापद बघून लिवायचं आसंल तर माझ्या नावाखाली काय लिवणार तुमी? लिवा 'तो'. नातवंडांस्नी दाखवतो मी."

साहेबांनी पेन्सिल उचलली, पण ती कागदावर टेकेना. पुण्यात बाई 'जाते' म्हणते आणि कोल्हापूरच्या आसपास 'जातो' म्हणते, हे त्यांनी रोज ऐकलं होतं, पण ऐकलं होतं ते चूक म्हणून. तो पुरावा आहे असं त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. आम्हीही काही शहाणे नव्हतो. जन्मापासून आया-मावश्यांचं 'येतो' ऐकत आलो होतो, आणि तरी साहेबांची तोड आम्हाला क्षणभर बरोबर वाटली होती.

चौगुले आक्कांकडे बघत होत्या.

"माझी आईपण तसंच म्हणायची," त्या म्हणाल्या. "बाजाराला निघाली की दारातनं हाक मारायची, येतो मी." मग साहेबांकडे वळल्या. आवाज बारीक होता पण अडखळला नाही. "साहेब, मीपण आईसारखंच बोलतो. आणि नावाखाली मी 'त्या' लिहितो."

बोलतो. लिहितो. माणूस पकडला जातो अशी, चौगुल्यांच्या तोंडून आम्ही ऐकलेली ही पहिली दोन क्रियापदं. शाळेच्या पुस्तकात बघाल तर दोन्ही पुल्लिंगी. पण त्या खोलीत त्या 'तो'मध्ये पुरुष औषधालाही नव्हता. कागलच्या, राधानगरीच्या, आजऱ्याच्या किती बाया त्यात बोलत होत्या. माझ्या आईचा आवाज मला त्यात स्वच्छ ऐकू आला.

दिघे साहेब दुरुस्ती करायला तोंड उघडतील असं मला वाटलं. त्यांनी उघडलंही. मग ते मिटून त्यांनी यादी पुढं ओढली, त्या नावासमोर बरोबरची खूण केली आणि म्हणाले, "ठीक आहे. बाकीच्यांचंही आहे तसंच राहू द्या. आदर कमी करून काय मिळणार आहे. नेर्लेकर, मुंबईला कळवा."

मी कळवलं. बारा ओळींच्या पत्रात मराठीचं आदरार्थी बहुवचन समजावून सांगणं हे माझ्या आयुष्यातलं सर्वांत गंभीर लेखन. मुंबईनं ते वाचलं की नाही माहीत नाही, पण कॅमेरा आला नाही. मान्यांनी त्यासाठी शिवलेला सफारी पुढं जावयाच्या घरभरणीला वापरला.

कोल्हापूरच्या माणसाला अभिमान बाळगायला कारण लागत नाही, असं आमच्यावर बाहेरची माणसं बोलतात. बोलोत बापडी. मला त्या कचेरीचा जो अभिमान आहे त्याला कारण आहे, आणि ते त्या खोलीतलं नाही. खोलीत तर सगळे समोर होते. समोर काय, सगळेच चांगले असतात.

कारण घडलं ते नंतर, एका दुपारी. जेवणाची सुट्टी होती. मी साहेबांच्या खोलीत सह्या घ्यायला उभा होतो. दावे विभागात कुणी फोन उचलेना, म्हणून तो साहेबांकडे वळला. पलीकडची बाई मोठ्यानं बोलत असावी, मला अर्धं ऐकू येत होतं. गारगोटीकडची होती. नवऱ्याच्या दाव्याचं विचारत होती. "चौगुले साहेब हाईत का? त्ये म्हनलं हुतं फोन करा."

साहेबांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. खोलीत आम्ही दोघंच होतो आणि मी काही मुंबईला कळवणार नव्हतो. 'जेवायला गेलेत' म्हटलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं.

"चौगुले मॅडम," साहेब म्हणाले. "त्या जेवायला गेल्यात. आल्या की त्या स्वतः तुम्हाला फोन करतील. काळजी करू नका, तुमचं काम त्यांच्याकडे आहे."

त्यांनी फोन ठेवला आणि पुढच्या कागदावर सही केली. चौगुले तेव्हा खाली जिन्याजवळच्या कँटीनमध्ये आक्कांबरोबर आमटी ओरपत होत्या, आणि यातलं अक्षरही त्यांच्या कानावर गेलं नाही.